सेकंद कोणाचा?

जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतीत, घाटात गाडे शेजारीशेजारी पळत नाहीत. एकेका गाड्याची बारी येते, निशाण पडते, चार बैल आणि पुढची घोडी घाट चढून जातात. निकाल लावते ते घड्याळ. काही सेकंदांत सारे आटोपते आणि शतांशाने नंबर हुकतो. मोटार शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये लॅप टाइम कमी करत बसलेल्या पोराचा झगडाही घड्याळाशीच असतो. पहिल्याला आपण परंपरा म्हणतो, दुसऱ्याला रिकामटेकडेपणा. साधना म्हणून दोन्ही तोलली, तर मात्र पारडे पोराकडे झुकते.

साधनेची अट साधी आहे: ज्याला सुधारायचे, कष्टही त्यानेच सोसायचे. गेममध्ये ही अट आपोआप पाळली जाते. स्वतःचाच आधीचा सर्वोत्तम लॅप अंधूक गाडीच्या रूपाने पुढे पळत असतो. वळणावर ब्रेक उशिरा मारला की वेळ वाचेलसे वाटते. गाडी बाहेर फेकली जाते आणि ती अंधूक गाडी निघून जाते. मग उमजते की वेग आधीच मारायचा, वळणाची आतली कड धरायची आणि बाहेर पडताना लवकर रेस द्यायची. हाव कुठे नडली हे दर फेरीला दिसते, दोष ढकलायला दुसरे कोणी नसते. घाटात मात्र छाती बैलाची फुटते आणि फेटा मालकाला बांधतात.

गाडामालक म्हणेल, बैल आम्ही पोटच्या पोरासारखा जपतो. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा खिलार बैल सांभाळणेही जड गेले. हे खरेच. पण जपणूक म्हणजे संमती नव्हे. बैलाला पळणे आवडतही असेल, शतांश सेकंदाची ओढ त्याला असायचे कारण नाही. १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, त्याने शर्यत कायदेशीर ठरली. ती साधना आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

याहून वजनदार आक्षेप नवसाचा. आंबेगावात थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेच्या यात्रेत नवसाचे गाडे पळतात. पण नवस फिटतो तो गाडा पळवल्याने, नंबर आल्याने नव्हे. इतक्या सेकंदांतच पळवीन, असे देवाला कोण बोलतो? तेव्हा घड्याळाचे समर्थन करायचेच, तर बक्षिसाच्या मोटारसायकलीच्या नावाने करावे. खंडोबाला त्यात ओढू नये.