जमादाराचा गुन्हा

आमच्या घरी एक कोंबडा होता. आबा त्याला जमादार म्हणायचे. सकाळी खुराड्याची फळी काढली की पहिला तो बाहेर पडायचा. उकिरड्यापर्यंत एक फेरी मारायचा, मान वाकडी करून एक डोळा आभाळाला लावायचा आणि मग कोंबड्या बाहेर यायच्या. तांबडा जर्द, शेपटीला हिरवी काळी झाक, पायामागं बोटाच्या पेराएवढा काटा. माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. त्याला आम्ही एका आषाढात कापला.

कोंबडं कापलं ही आमच्याकडं सांगायची गोष्ट नव्हे. पाहुणा आला, जावई आला की कापतातच. पण या गोष्टीला चाळीस वर्षं झाली तरी हा एक कोंबडा मनातून जात नाही. त्याचा निवाडा घरात चालला होता तेव्हा मी तिथंच बसून होतो आणि तोंड उघडलं नव्हतं.

त्याची आई एकवीस दिवस अंड्यांवर बसली, पिल्लं काढली आणि चौथ्या दिवशी भर दुपारी कडब्याच्या गंजीमागं मुंगसानं तिला धरलं. पिल्लंही गेली. एकच कडब्यात दडून राहिलेलं मला सापडलं. आईनं त्याला चुलीजवळ टोपलीत ठेवलं. कण्या, भाकरीचा चुरा खाऊन ते वाढलं. माझ्या हातावर, खांद्यावर बसायचं. कोंबड्यांत वाढलेलं पिल्लू माणसाला बिचकतं, चार हात लांब राहतं. याला ती भीती कधी शिकवलीच गेली नाही. त्याच्या लेखी मी माणूस नव्हतो, त्याच्यातलाच एक होतो. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

पाच-सहा महिन्यांचा झाला, तुरा लाल झाला, आरवायला लागला आणि त्याची चाल बदलली. मी अंगणात आलो की एक पंख जमिनीला घासत, तिरका तिरका होत अंगावर यायचा. मी गंमत म्हणून पाय पुढं केला. त्यानं झेप घेतली. मी हसलो, पुन्हा पाय केला. मग तो रोजचा खेळच झाला. शाळेतली पोरं बघायला यायची. मी टॉवेल हलवायचो, तो मानेची पिसं फुलवून उडी घ्यायचा, पोरं टाळ्या पिटायची. कधी लाथ बसली तर दोन पावलं मागं सरून दुप्पट जोरानं यायचा. लाथ म्हणजे त्याला शिक्षा वाटत नव्हती, सामना वाटत होता. हे मला फार पुढं कळलं.

आईच्या अंगावर मात्र तो कधी गेला नाही. ती ना पळायची, ना मारायची. बादली घेऊन सरळ चालत राहायची आणि त्याला बाजूला व्हावं लागायचं. फारच अंगात आलं तर झटकन धरून काखेत दाबायची आणि तसाच घेऊन अंगण झाडायची. दहा मिनिटांनी सोडला की गप गुमान कोंबड्यांत जायचा. मला म्हणायची, "आरं, त्याच्याकडं पाठ करून पळू नगंस आन् त्याला डिवचूबी नगंस. आज तुझ्यासंगं खेळतोय, उद्या दुसऱ्याला धरंल."

त्याची दुसरी बाजूही होती. दाणा सापडला की स्वतः खायचा नाही. चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, कुक् कुक् करून कोंबड्यांना बोलवायचा. घार दिसली की एक लांब आवाज काढायचा आणि सगळ्या तुरीत शिरायच्या. मुंगूस किंवा मांजर दिसलं की आवाज वेगळा, तुटक तुटक, आणि स्वतः पुढं. एकदा मुंगूस अंगणाच्या कडेपर्यंत आलं होतं. जमादार असा तुटून पडला की ते उलट्या पावली गेलं. त्याच्या वेळेला आमची एकही कोंबडी दिवसाउजेडी गेली नाही. आबा चावडीवर हे कौतुकानं सांगायचे. मुंगसावर तुटून पडणारा आणि माझ्या पायावर तुटून पडणारा कोंबडा एकच आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही.

जेठ संपता संपता शेजारच्या काकूंची नात ताक मागायला आली. चार वर्षांची पोर. त्याला बघून पळाली, अडखळून पडली. तो पाठीवर चढला आणि तिनं मान वळवली तेव्हा काटा गालात शिरला. डोळ्याखाली बोटभर अंतरावर. आईनं हळद दाबली. काकू काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

रात्री सोप्यात निवाडा बसला. आबा म्हणाले, "जातच द्वाड त्याची." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

थोरला भाऊ म्हणाला, बाजारात नेऊन विकू, वजनदार आहे, पैसे चांगले येतील. आई म्हणाली, "आपल्या घरची बला दुसऱ्याच्या दारात? तिथं काय पोरं न्हाईत?" मग चुलती म्हणाली, आखाड आलाच आहे, मरीआईला सोडू. देवीचं देवीला जाईल आणि आपल्यालाही काही लागायचं नाही. हे सगळ्यांना पटलं. आई तेवढी म्हणाली, "देवीला द्यायचं तर चांगलं म्हणून द्या. नको झालाय म्हणून कापायचा आन् नाव देवीचं? आपुन कापतोय, तर आपुन कापतोय म्हणा."

मी म्हणालो, डालग्याखाली ठेवू. दोन दिवस ठेवलाही. तो आतून धडका देत राहिला आणि कोंबड्या डालग्याभोवती घोटाळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी आबांनी सुरी काढली. देवीचं नाव कुणी घेतलं नाही. संध्याकाळी रस्सा झाला. एक वाटी काकूंकडं गेली. मी जेवलो. पोट दुखतंय असं सांगून उठता आलं असतं, पण रस्सा चांगला झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण ते तसंच आहे.

नंतर ठेवलेला कोंबडा गरीब होता. पोरांनी शेपूट ओढली तरी काही करायचा नाही. भाद्रपदात मुंगसानं आठवड्यात दोन कोंबड्या नेल्या. हा पहिल्यांदा छपरावर चढला. आबा म्हणाले, "जमादार असता तर..." आई म्हणाली, "असता तर एखाद्या दिशी पोरीचा डोळाबी गेला असता. दोन्ही धरून बोला."

पुष्कळ वर्षांनी, आई थकल्यावर, मी तिला सांगितलं की त्याला ती खोड मीच लावली होती. वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे. ती म्हणाली, "तवा सांगितलं असतंस तर तुला दोन दणकं दिलं असतं. कोंबडा तरीबी कापलाच असता."

हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे मला त्या दिवशी नीट कळलं. जमादाराला ठेवणं परवडणारं नव्हतं. लेकराचा डोळा आणि कोंबडा यांत निवड करायची तर वेळ घालवायचं कारण नाही. पण त्याला काढणं भाग होतं म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. जनावराला गुन्हा नसतो. भीती न शिकलेलं पिल्लू, त्याला रोज चेतवणारा पोरगा आणि त्याच्या मर्दुमकीवर खूश असलेलं घर, एवढं सगळं त्या काट्यामागं होतं. आम्ही दोन्ही हिशेब एकत्र केले, एकाच मानेवर ठेवले आणि मोकळे झालो. 'जातच द्वाड' म्हटलं की बाकीच्यांना उठून जेवायला बसता येतं.

माणसांच्या बाबतीतही मी हे पुष्कळदा पाहिलं. बांधाच्या भांडणात पुढं घालायला ज्या पोराच्या पाठीवर थाप मारतात, त्यानं घरातच हात उगारला की तो जन्माचा वाईट ठरतो. त्याला आवरावं लागतं, खरं आहे. थाप मारणारे हात मात्र तेव्हा कुणी मोजत नाही.

आजही परड्यात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सुट्टीला शहरातून नातवंडं येतात. परवा धाकट्यानं त्याच्यापुढं पाय नाचवला. कोंबड्यानं पंख खाली सोडला. पोरगं खिदळलं. मी उठून कोंबड्याला काखेत घेतलं आणि पोराचा कान धरला. सून म्हणाली, "मामंजी, एवढं काय झालं? खेळतोय तो."

मी तिला खाली बसवलं आणि ही गोष्ट सांगितली. रस्सा चांगला झाला होता, तेही सांगितलं.