यजमान नसलेली पंगत

नांदेडला गोदावरीच्या काठी, नगीनाघाटाजवळ असलेल्या लंगर साहिब गुरुद्वारात पंगत रोजच बसते. वाराचे बंधन आहे ते आमच्यासारख्या, शाळा आणि कचेरी यांच्या वेळांत गुंतलेल्या संसाराला, आणि म्हणून आमच्या घराने रविवार हा लंगरचा वार ठरवून टाकला आहे. लातूरहून लेकीची मुले राहावयास आली की तीही डोक्याला रुमाल बांधून आमच्याबरोबर येतात, लांबच लांब पट्टीवर मांडी घालून बसतात आणि सेवादार रोटी घेऊन समोर आला की, शिकविल्याप्रमाणे, दोन्ही हातांची ओंजळ पुढे करतात. पहिल्याच खेपेस धाकट्या नातवाने चौफेर पाहून मला विचारले, “आबा, लग्न कुणाचं आहे?” लग्न नाही असे कळल्यावर त्याने काही वेळ विचार केला आणि म्हणाला, “मग आपल्याला बोलावलं कुणी?”

या दुसऱ्या प्रश्नाने मी थबकलो. पाच वर्षांच्या आयुष्यात त्याने ज्या ज्या पंगती पाहिल्या होत्या, त्या प्रत्येकीला कोणी तरी यजमान होता; किंबहुना पंगत म्हणजे यजमानाच्या ऐपतीचे, त्याच्या नात्यागोत्याचे आणि गावातील त्याच्या मरातबाचे उघड्यावर मांडलेले दफ्तरच असते. मानाचे पान कोणाचे, आग्रह कोणाला, कोणी पहिल्या पंगतीत बसावे आणि कोणी शेवटपर्यंत ताटकळावे, हे सारे तोच ठरवितो. आणि जेवून उठणारा मनुष्य तृप्तीबरोबर एक अलिखित कर्जही घेऊन उठतो, जे पुढे आपल्या दारी मांडव पडेल तेव्हा फेडावयाचे असते. उपनिषदांनी अन्नाला ब्रह्म म्हटले खरे, परंतु लोकव्यवहारात अन्न हे उपकाराचे नाणे होऊन बसले.

लंगरने हे नाणे चलनातून बाद केले, ते यजमानालाच नाहीसा करून. गुरू नानकांनी घालून दिलेल्या या रीतीला तिसरे गुरू अमरदास यांनी असा नियम जोडला की भेटीस येणाऱ्याने, मग तो कोणी असो, आधी पंगतीत बसावे. अकबर बादशहाही तसाच बसला आणि प्रसन्न होऊन लंगरच्या खर्चासाठी त्याने जहागीर देऊ केली तेव्हा गुरूंनी ती नाकारली, असे शीख परंपरा सांगते. या कथेच्या पूर्वार्धाचेच कौतुक सर्वत्र ऐकू येते. मला मात्र तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. बादशहाला जमिनीवर बसविणे हे धैर्याचे काम होय, परंतु त्याची सनद परत करणे हे त्याहून खोल समजुतीचे काम होय, कारण ती सनद स्वीकारल्या क्षणी त्या पंगतीला यजमान मिळाला असता आणि गोरगरीब बादशहाचे अन्न जेवले असते. लंगरला मात्र ज्याच्या त्याच्या मिळकतीचा दशांश, दसवंद म्हणून, असंख्य हातांनी येतो आणि एकत्र मिसळून जातो. कोणाची कणीक कोणाच्या ताटात गेली, याचा हिशेब देणारा कोणी उरत नाही. ज्या नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी व्यक्तीकडे असलेले गुरुपद ग्रंथाकडे सोपविले, त्याच नांदेडात ही यजमानहीन पंगत अखंड चालावी, यात मला विचाराची एक सुसंगती दिसते.

आमच्या मुलखाला हा विचार सर्वस्वी परका नव्हता. लातूरच्या सीमेलगतच्या कल्याणात, बिज्जल राजाच्या दरबारी असलेल्या बसवेश्वरांनी बाराव्या शतकात दासोहाची शिकवण दिली, तीत देणारा स्वतःला दास मानून देतो. तेथे यजमान नम्र होतो. लंगरमध्ये तो उरतच नाही.

नम्रता दात्याला तारील, परंतु घेणाऱ्याचे काय? आयुष्यभर देत आलेल्या माणसाला घेण्याची पाळी आली म्हणजे केवढी यातना होते, ते लातूर जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर पाहिले. किल्लारी आणि आसपासच्या गावांतून ज्यांच्या ओसरीवरून कोणी उपाशी परतला नव्हता, त्या शेतकऱ्यांवर मदतीच्या अन्नासाठी रांगेत उभे राहण्याचा प्रसंग आला. हात पसरणे ही आपल्याकडे अप्रतिष्ठेची परिसीमा. माझ्या नातवंडांनी ओंजळ पुढे करण्यास लहानपणीच शिकावे, शेजारी हमाल बसला आहे की डॉक्टर हे न पाहता शिकावे, असे मला वाटते ते याचमुळे. थोरल्या नातीला सेवादारांनी एकदा रोट्यांची लहानशी टोपली वाहू दिली, तेव्हा ती हरखून गेली. देण्याचा आनंद मुलांना शिकवावा लागत नाही, संकोच न बाळगता घेणे मात्र शिकवावे लागते.

पंगत उठली की चपलांपाशी पुन्हा जुने जग सुरू होते, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. विषमता एका जेवणाने मोडत नाही. तरीही ज्या देहाने कोणाचा मिंधा न होता पोटभर अन्न घेतले आहे, त्या देहाला मिंधेपणाचे अन्न पुढे कधी तरी बोचेल, एवढी आशा मी बाळगतो.

आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. घरोघरच्या भाकरी देवळात येतात, एकाच ढिगात पडतात आणि कोणती कोणाची हे ओळखता येत नाही. परंतु कढईतील आमटीचा आणि काल्याच्या महाप्रसादाचा खर्च देणाऱ्यांची नावे अन्नदाते म्हणून पत्रिकेवर छापली जातात आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात. भाकरीला जे साधले ते आमटीलाही साधावे, म्हणून यंदा ही नावे गाळावीत अशी सूचना मी मंडळींपुढे ठेवली आहे. नावे नसतील तर वर्गणी येणार नाही, असे जाणत्यांचे म्हणणे आहे. त्या मंडळींना घेऊन येत्या रविवारी मी लंगर साहिबला जाणार आहे.