रिकाम्या झोळीची अट

डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्व्ही हे तीन अमेरिकन मिशनरी अहमदनगरात मुक्कामाला आले. सोबत बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते. पुढच्याच वर्षी हर्व्ही पटकीने गेला. रीड काही वर्षांत मायदेशी परतला आणि १८३६ मध्ये त्याने बाबाजींचे चरित्र इंग्रजीत छापले. म्हणजे नगरला आलेल्या परदेशी मिशनरीच्या पहिल्या मोठ्या पुस्तकाचा नायक तो स्वतः नव्हता, इथला माणूस होता. आज दहा-पंधरा दिवसांच्या ‘मिशन ट्रिप’वरून घरी गेलेले तरुण आपल्या मंडळीसमोर जी साक्ष देतात, तिचा नायक बहुधा साक्ष देणाराच असतो: माझे डोळे उघडले, गरिबांचा आनंद पाहून मी बदललो. त्या भावनेच्या खरेपणाबद्दल शंका नाही. पण सेवेचे मुख्य फळ सेवकाच्याच पदरात पडत असेल, तर ज्याची सेवा झाली तो कोण ठरतो? दुसऱ्याच्या आत्मिक उन्नतीचे साधन. सेवेच्या नावाखाली माणसाला साधन करणे हा ख्रिस्ती नीतीच्या दृष्टीने लहान दोष नव्हे.

यावर झटपट दिले जाणारे उत्तर असे की दोष मुदतीचा आहे. पूर्वीचे लोक जन्मभर राहत, आताचे पाहुण्यासारखे येऊन जातात. नगरचा इतिहास या म्हणण्याला वरवर पाठिंबा देतो. १८३५ मध्ये बाविशीत हिंदुस्थानात आलेला हेन्री बॅलंटाइन तीस वर्षे टिकला आणि त्याने मराठीत गीते रचली. सिंथिया फरार १८२७ मध्ये अविवाहित स्त्री म्हणून आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. पण नुसत्या मुक्कामाने नम्रता येत नाही. जन्मभर राहिलेला परका जन्मभर मालकही राहू शकतो: पगार त्याच्या हातचा, शाळेच्या किल्ल्या त्याच्याकडे, उपदेशकाची नेमणूक त्याच्या मर्जीवर, आणि डोक्यावर इंग्रजांच्या राज्याचे छत्र. नारायण वामन टिळकांचे अमेरिकन मिशनमधल्या अनेकांशी जिव्हाळ्याचे संबंध होते. तरी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा मिशनबाहेरचा बंधुसमाज उभारायला घेतला. प्रेमळ माणसांच्या मिशनमध्येही एखाद्याला मोकळा श्वास घेण्यासाठी पगार सोडावा लागतो, याचा अर्थ काळ हे औषध नव्हे. १९७१ मध्ये केनियातल्या मंडळीचे नेते जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी आणि पैसा दोन्ही काही वर्षे थांबवा, अशी मागणी केली. त्यांचा रोख मुख्यतः दीर्घकाळ बसलेल्यांवर होता, धावत्या पाहुण्यांवर नव्हे.

मग कसोटी कोणती? लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय तरुणांच्या सहलींच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केला जातो, आणि तो पुढे करणे रास्तही आहे. येशूने सत्तर जणांना दोघादोघांनी पाठवले, तीही थोड्या दिवसांची फेरी होती. पण तिच्या अटी सहसा वाचल्या जात नाहीत. पैशांची पिशवी नको, झोळी नको, वहाणाही नकोत. जे घर आत घेईल तिथेच राहायचे, घरोघर फिरायचे नाही. ताटात पडेल ते खायचे. जाणारा यजमानावर अवलंबून असला पाहिजे, हा त्या सगळ्याचा गाभा. परत आल्यावर त्यांनी आपल्या हातून घडलेल्या पराक्रमाचा आनंद सांगितला, तेव्हा येशूने त्यांना तिथेच आवरले: आनंद करायचा तर त्याचा करू नका. ‘अनुभवकथनां’वर इतकी जुनी टीका दुसरी सापडणार नाही. आता नेवासे किंवा राहुरी तालुक्यातल्या एखाद्या मंडळीत येणारा गट डोळ्यांसमोर आणा. एकसारखे टी-शर्ट, पाण्याच्या सीलबंद बाटल्या, गळ्यात हार, रांगेत उभी करून गाणी म्हणायला लावलेली मुले, आणि शाळेच्या भिंतीला रंग, जो गावातल्या रंगाऱ्याने निम्म्या वेळात जास्त चांगला दिला असता. यजमानाला द्यायला काही उरतच नाही. त्याने फक्त घ्यायचे आणि फोटोत हसायचे.

यावर गंभीर आक्षेप असा की रिकाम्या हाताच्या भक्तीने दवाखाने उभे राहत नाहीत. बोस्टनहून पैसा आला म्हणून नगरला मुलींच्या शाळा निघाल्या, हे खरेच आहे. परंतु त्या पैशाचे सर्वांत मोठे फळ पाहा. जोतीराव फुले फरारबाईंची शाळा पाहून गेले, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. फुले दांपत्य ख्रिस्ती झाले नाही, शाळा मिशनच्या ताब्यात गेली नाही. देणाऱ्याची मूठ सुटली तिथेच देणे फळले. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हाही परदेशी मैत्री आणि मदत होतीच. दिशा ठरवणारा मात्र इथला होता. पैसा वर्ज्य नाही. पैशाबरोबर निर्णयही हातात ठेवणे वर्ज्य आहे.

दुसरा आक्षेप सौम्य आहे: वीस वर्षांच्या मुलाचे मन जग पाहून मोठे होत असेल तर त्यात वाईट काय? काहीच नाही. पण मग त्याला सेवा म्हणू नका. दिंडीतला वारकरी गावोगावची भाकरी खातो, पडवीत झोपतो, बदलून घरी येतो. त्या गावांची सेवा करून आलो असे तो म्हणत नाही. यात्रेकरू म्हणून येणाऱ्या तरुणाचे स्वागतच आहे.

म्हणून अपेक्षा पाहुण्यांपेक्षा इथल्या पाळकांकडून आणि पंच मंडळींकडून अधिक आहे. हार-तुऱ्यांचा कार्यक्रम बंद करा. मुलांना रांगेत उभे करू नका. पाहुण्यांना घराघरांत जेवायला पाठवा, ताटात पडेल ते खाऊ द्या, आणि ते काय काम करणार हे तुम्हीच ठरवा. काम नसेल तर नाही म्हणा. आणि त्यांचा अहवाल त्यांच्या देशातल्या मंडळीत वाचला जाण्याआधी इथे, मराठीत, तुमच्यासमोर वाचला गेला पाहिजे, म्हणजे त्यातले जे तुम्हाला मान्य नाही ते तुम्हाला खोडता येईल.