स्पॅनिश शिकायची ती मराठीच्या बळावर

नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीतून माद्रिदला बदली झालेला तरुण असो की बार्सिलोनात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेली मुलगी असो, व्हिसाच्या कागदपत्रांतून डोके वर काढल्यावर दोघांचाही प्रश्न एकच असतो: स्पॅनिश कशी शिकू? नागपुरात या प्रश्नाला तीन उत्तरे तयार असतात. एक म्हणतो, मोबाइलवर अ‍ॅप घे, रोज पंधरा मिनिटे पुरेत. दुसरा म्हणतो, क्लास लाव, व्याकरण पक्के कर, परीक्षा दे. तिसरा म्हणतो, कशाला डोकेफोड? तिथे गेलास की आपोआप येईल.

तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे. पण शिकणाऱ्याच्या तोंडी आधीपासून कोणती भाषा आहे, हे तिघांपैकी एकही विचारत नाही. माझे म्हणणे असे की पद्धतीची निवड तिथूनच सुरू झाली पाहिजे. मराठी माणसाने स्पॅनिशकडे इंग्रजीच्या दारातून जाणे म्हणजे लांबचा वळसा घेणे आहे.

आधी 'गेल्यावर येईल' या मताकडे पाहू, कारण त्याच्या बाजूने फार मोठे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८४ साली वर्ध्याकडे जन्मले आणि नागपुरात शिकले. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक अमेरिका, इराण, युरोप असा प्रवास करत १९२४ साली मेक्सिकोला पोहोचले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना बसवले. पुढे ते नागपुरात परतले आणि १९६७ मध्ये इथेच वारले. त्यांच्या आधी क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय १९१७ मध्ये मेक्सिकोत गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे हिंदुस्थानावरचे पुस्तक तिथे स्पॅनिशमध्ये निघाले. या दोघांकडे बोट दाखवून कोणीही म्हणेल, यांनी कुठे क्लास लावला होता?

पण या दोघांचे दिवस कसे जात होते ते पाहा. रॉय यांना मेक्सिकोच्या राजकारणात उतरायचे होते. खानखोज्यांसमोर विद्यार्थी आणि शेतकरी होते, आणि मक्याबद्दल जे सांगायचे ते त्यांना कळेल अशा भाषेत सांगणे भाग होते. भाषा आली नसती तर काम थांबले असते. आजच्या अभियंत्याचे तसे नाही. त्याच्या चमूची भाषा इंग्रजी, घरात सोबतीला दोन भारतीय, रात्री आईशी व्हिडिओ कॉल, किराणा मालाच्या दुकानात कार्ड टेकवले की व्यवहार संपला. अशा माणसाच्या कानावरून स्पॅनिश पाच वर्षे वाहून जाईल आणि त्याला घरमालकाची तक्रारही समजणार नाही. परदेशात राहिल्याने भाषा येत नाही, त्या भाषेत अडल्याने येते.

नागपूरकराला हा भ्रम जरा जास्तच होतो, त्याला कारण आपली हिंदी. १९५६ पर्यंत नागपूर ही मराठी आणि हिंदी भाषकांच्या एकत्र प्रांताची राजधानी होती. सीताबर्डीवर, इतवारीत, रिक्षात हिंदी आपल्याला न शिकता आली. त्यामुळे भाषा ही ऐकून येणारी गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. पण हिंदी ही शेजारीण आहे. लिपी तीच, निम्मी शब्दसंपत्ती तीच. शिवाय खरे सांगायचे तर आपली हिंदी अस्खलित असली तरी लिंगाच्या चुका आयुष्यभर टिकतात. सर्वांना कळते, कोणी सुधारत नाही, मग त्या सुधारायची गरजही उरत नाही.

हाच अनुभव कॅनडात शास्त्रीय पातळीवर तपासला गेला. तिथे १९६५ पासून इंग्रजी भाषक मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून मुलांना ती समजू लागली, जवळजवळ फ्रेंच मुलांइतकी. पण बोलताना आणि लिहिताना व्याकरणाच्या चुका राहिल्या. यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले की केवळ ऐकणे पुरत नाही. नेमके बोलायला लावणारा, चुकल्यावर अडवणारा कोणीतरी समोर लागतो.

मग क्लास आणि व्याकरण? हा वादही आपल्याला नवा नाही. शाळेत संस्कृत आपण विभक्तीचे तक्ते पाठ करून शिकलो, गुण मिळवले आणि दहावीनंतर एक वाक्य बोलू शकलो नाही. उलट संस्कृत भारतीच्या दहा दिवसांच्या संभाषण शिबिरात लोक तक्त्यांशिवाय बोलू लागतात, पण ग्रंथ उघडला की अडखळतात. दोन्ही पद्धती आपापल्या हेतूला पुऱ्या पडतात. चूक होते ती हेतू एक आणि पद्धत दुसरी असली की. ज्याला माद्रिदमध्ये घर भाड्याने घ्यायचे आहे त्याने स्तरपरीक्षेच्या गुणांसाठी सहा महिने घालवू नयेत. स्पेनचे नागरिकत्व मागताना देले या परीक्षेचा ए-२ स्तर लागतो, पण भारतीयाला तो प्रश्न साधारणपणे दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर पडतो. विद्यापीठाने किंवा मालकाने प्रमाणपत्र मागितले नसेल तर परीक्षा थांबू शकते.

हिशेबही करून पाहावा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा-प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती पक्की स्पॅनिश यायला वर्गातले ६०० ते ७५० तास धरते. नोकरी सांभाळून रोज एक तास दिला तर सहा महिन्यांत १८० तास होतात, म्हणजे जेमतेम चोवीस ते तीस टक्के. तेव्हा जाण्यापूर्वी सगळी स्पॅनिश शिकणे हा पर्यायच नाही. काय आधी शिकायचे आणि काय तिथल्यासाठी ठेवायचे, हे ठरवणे म्हणजेच पद्धत निवडणे.

इथे मराठी कामाला येते. बहुतेक अ‍ॅप आणि पुस्तके इंग्रजीतून शिकवतात, आणि इंग्रजी भाषकाला जे जड जाते ते आपल्यालाही जड असणार असे धरून चालतात. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य घ्या. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे कर्ता कुठे गेला हे समजायला एक धडा लागतो. मराठी माणसाला सांगायचे एवढेच की ही आपली 'मला कॉफी आवडते' ची रचना आहे. आंबे अनेक असले की आपण 'आवडतात' म्हणतो, तसे तिथे 'गुस्ता' चे 'गुस्तान' होते. क्रियापद आवडणाऱ्या माणसाच्या मागे न जाता आवडत्या वस्तूच्या मागे जाते, हे आपल्याला जन्मजात ठाऊक आहे.

कर्माचेही तसेच: 'मी घर पाहतो', पण 'मी सीतेला पाहतो'. निर्जीव कर्माला प्रत्यय नाही, माणसाला आहे. स्पॅनिशमध्येही 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मारिया'. भूतकाळाचे दोन प्रकार इंग्रजीतून शिकणाऱ्यांना वर्षभर छळतात. आपल्याकडे 'काल रामटेकला गेलो' आणि 'लहानपणी रामटेकला जायचो' हा भेद पाचवीतले पोरही चुकवत नाही. पहिल्याला 'फुई', दुसऱ्याला 'इबा'. 'तू यावंस असं मला वाटतं' या वाक्यात 'यावंस' जे काम करते, तेच 'किएरो के बेंगास' मधले 'बेंगास' करते. आणि 'जातो' म्हटले की 'मी' उच्चारावा लागत नाही, ही सवय तर दोन्हीकडे सारखीच.

उच्चारांचेही तेच. स्पॅनिशचा त आणि द दंत्य आहे, आपला आहे तसा. पाच स्वर स्वच्छ आहेत आणि देवनागरीत सरळ लिहिता येतात. पण इंग्रजी शाळेत गेलेला मुलगा रोमन लिपी दिसताच 'तोमाते' ला 'टोमॅटे' करतो. म्हणून पहिले काही आठवडे उच्चाराची टिपणे देवनागरीत ठेवावीत. मात्र 'व्ही' हे अक्षर तिथे ब सारखे वाचले जाते, आणि साधा र व थरथरता र यांचा भेद अर्थ बदलतो, एवढे शिक्षकाकडून घोटून घ्यावे.

मराठी सगळीकडे हात देणार नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या एका 'आहे' ला तिथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. आपले शब्दयोगी अव्यय नामामागून येते, तिथे ते आधी येते. 'पोर' आणि 'पारा' चा गोंधळ वर्षानुवर्षे चालतो. हातातल्या १८० तासांतले मोठे माप या जागांना द्यावे. जे मराठीतून फुकट मिळते त्यावर अ‍ॅपचे शंभर धडे खर्चू नयेत.

म्हणून माझी शिफारस अशी. पहिले दोन महिने उच्चार आणि मराठीशी ताडून पाहिलेले व्याकरण. अ‍ॅपचा उपयोग शब्द उजळण्यापुरता, कारण ठरावीक अंतराने उजळणी करवून घेणे त्याला खरेच चांगले जमते. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा तरी ऑनलाइन शिक्षक, आणि तोही चूक होताच थांबवणारा. शिक्षक मेक्सिकोतलाही चालेल: मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. नागपुरात सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, दोघांनाही सोयीची वेळ. शेवटचे दोन महिने फक्त प्रसंग: भाडेकरार, दवाखाना, बँक, स्पेनमध्ये पालिकेतली रहिवासी नोंदणी. कुठे जायचे तेही आधी पाहावे. बार्सिलोनात स्पॅनिशबरोबर कातालान आहे आणि सरकारी शाळांचे माध्यम मुख्यतः कातालान आहे. मुले घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला हे विमानतळावर कळून चालणार नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: आजच्या मुलांना मराठी व्याकरण तरी कुठे येते? नावे येत नसतील, पण 'मला आवडते' म्हणताना त्यांची जीभ चुकत नाही. जे तोंडात आहे त्याकडे बोट दाखवणारा शिक्षक हवा, इतकेच. एकेकाळी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाला मराठीतूनच इंग्रजी शिकवले आणि पिढ्या घडवल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला दहा हजार कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हा परदेशी भाषा हा शासकीय धोरणाचा विषय झाला. जर्मन असो वा स्पॅनिश, नागपूर विद्यापीठाने आणि राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने मराठीचा पाया धरून लिहिलेली पाठ्यपुस्तके तयार करावीत. तोवर जाणाऱ्याने शिक्षक निवडताना त्याला एक प्रश्न जरूर विचारावा: मी मराठी आहे, याचा तुमच्या शिकवण्यात काही उपयोग करता का? उत्तर 'नाही' आले तर दुसरा शिक्षक शोधावा.