मोरचूद आणि गंधक

“ह्यात काहीही घातलेलं नाही.” नैसर्गिक म्हणवणाऱ्या वाईनची बाटली पुढे करणारा माणूस हे वाक्य ज्या अभिमानाने उच्चारतो, तो मला अलीकडे टोचू लागला आहे. अशा रेड वाईन मला मनापासून आवडतात, म्हणूनच जास्त टोचतो. एखाद्या पेयाची थोरवी त्यात काय नाही यावरून कशी ठरवायची?

सेंद्रिय म्हणजे काय, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात असू द्यावं, की सेंद्रियपणाचा मुख्य प्रश्न बागेतला आहे आणि ‘कमीत कमी हस्तक्षेप’ हा तळघरातला. युरोपात सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या कोरड्या रेड वाईनमध्ये लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट, म्हणजे गंधकाचं संयुग, चालतं, साध्या वाईनमध्ये 150. फ्रान्समध्ये 2020 साली ‘व्हँ मेथोद नात्यूर’ हे चिन्ह आलं, त्याची मर्यादा 30. बाटलीवरच्या अभिमानाचा सगळा हिशेब या आकड्यांत अडकला आहे.

अन्नरसायनशास्त्रात काम करणारा माझा एक मित्र या हिशेबाला सरळ अडाणीपणा म्हणतो. वाईन आपल्या मर्जीवर सोडली की तिचं व्हिनेगर होतं. गंधक नको म्हणणारे शास्त्रालाच नको म्हणतात, असं त्याचं मत. मला ते अर्धवट वाटतं, कारण ही चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली तो ज्यूल शोवे स्वतः रसायनशास्त्राचा अभ्यासक होता. बोजोलेतला हा वाईनचा व्यापारी यीस्टचा आणि सुगंधाचा आयुष्यभर अभ्यास करत राहिला. द्राक्षं निरोगी आणि पूर्ण पिकलेली असतील, तापमान ताब्यात असेल, पात्रं स्वच्छ असतील, तर किण्वनाच्या वेळी गंधकाची गरज पडत नाही, हे त्याने दाखवून दिलं. बोजोलेतल्याच मॉर्गाँच्या मार्सेल लापिएरने 1980 च्या दशकात ते आपल्या तळघरात उतरवलं. त्या काळात बोजोलेची बरीचशी वाईन निवडक यीस्टवर घाईने आंबवली जाई आणि तिला केळ्याचा वास येई. लापिएरकडे मात्र सडका मणी हाताने वेचून काढावा लागे. घोस अख्खेच्या अख्खे पिंपात जात, मण्याच्या आतच आंबणं सुरू होई, आणि बिघाडाची चाहूल लागते का म्हणून पहारा ठेवावा लागे. गंधक न घालण्यासाठी गंधक घालण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एक हंगाम ते पिंप सांभाळून पाहावं.

सुधारणं आणि सांभाळणं यांत मी फार पूर्वीपासून फरक करत आलो आहे. साखर घालून मद्यार्क वाढवणं, बाहेरचं आम्ल घालणं, टॅनिनची पूड मिसळणं, हे सुधारणं. त्या वर्षी पाऊस लांबला, ऊन कमी पडलं, ही गोष्ट त्यात पुसली जाते. बाटली भरताना गंधकाचा चिमूटभर डोस देणं हे सांभाळणं. त्याने वर्ष पुसलं जात नाही. लापिएरनेही आपली मॉर्गाँ दोन प्रकारे भरली, एक गंधकाविना आणि एक थोड्या गंधकासह. शून्याचा हट्ट त्याच्याही ठायी नव्हता. त्यामुळे घोड्याच्या तबेल्याचा वास मारणारी किंवा घशात उंदराची घाण सोडणारी वाईन ‘जिवंत’ म्हणून गौरवली जाते, तेव्हा मी निमूटपणे मित्राच्या बाजूने उभा राहतो. त्या दोषांनीही वर्ष पुसलंच जातं.

इथपर्यंत मी तळघरातच होतो. पण हाच फरक बागेत नेऊन पाहिला आणि माझी पंचाईत झाली.

नाशिकच्या बागायतदाराला बोर्डो मिश्रण समजावून सांगायला नको: मोरचूद, चुना आणि पाणी. केवडा या वेलींच्या रोगावरचा हा उपाय वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने 1885 साली बोर्दोत मांडला. फिलॉक्सेरा या किडीला तोंड देण्यासाठी अमेरिकेतून वेलांची खुंटं आणली गेली, आणि त्याच येण्याजाण्यात 1870 च्या दशकात केवडाही युरोपात पोचला. सेंद्रिय बागायतदाराला कृत्रिम बुरशीनाशक वापरता येत नाही. म्हणून तो मोरचुदातल्या तांब्यावर विसंबतो. तांबं विरत नाही, जमिनीत साठत जातं. युरोपीय नियम सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मुभा देतो. तळघरात मिलिग्रॅम मोजणाऱ्या आपल्या लोकांनी हे किलो कधी मनावर घेतले का? गंधकाने वाईन सांभाळली जाते. तांब्याने मात्र ओल्या हवेत टिकू न शकणारा वेल हट्टाने टिकवला जातो. माझ्याच मोजपट्टीने हे सुधारणं ठरतं.

मग वेलच का बदलू नये? अमेरिकन रानवेलांच्या रक्तात केवड्याला तोंड देण्याची ताकद आहे. पण फ्रान्सने डिसेंबर 1934 च्या कायद्याने इझाबेल, जाके, क्लिंटन, नोआ, ऑथेलो, एर्बमाँ या अमेरिकन रक्ताच्या सहा जातींवर बंदीच घातली. जातींचा मान कायम नसतो, याचा पुरावा तर बोजोलेतच आहे. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने 1395 साली गामेला दुष्ट वेल ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकायला सांगितलं होतं. आज त्याच गामेपासून होणाऱ्या मॉर्गाँची आपण पूजा करतो.

1967 साली जर्मनीत गाइलवायलरहोफच्या संशोधन केंद्रात रेजंट नावाची तांबडी जात संकरातून तयार झाली. तिला फवारणी मुळीच लागत नाही असं नाही, पण बरीच कमी लागते. 2021 पासून युरोपीय संघाने अशा संकरित जातींना प्रदेशाच्या संरक्षित नावाच्या वाईनमध्येही वाट करून दिली आहे. जुन्या जातींची माया मला कमी नाही. तरीही कमी हस्तक्षेपाचं बोलणं खरं करायचं असेल, तर गंधकाची चिमूट खुशाल राहू द्यावी आणि तांब्याशिवाय न जगणारे वेल ओल्या मुलखांतून हळूहळू काढावेत, असं आता मला वाटतं. मॉर्गाँच्या तोडीची रेजंट मी अजून चाखलेली नाही. पण गामेला ड्यूकच्या फर्मानानंतर सहाशेहून अधिक वर्षं मिळाली, रेजंटला अजून साठही झालेली नाहीत.