सूत्रधाराचा संयम

सापशिडीच्या पटावर खेळणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. फासा सांगेल तितके सरकायचे आणि सापाच्या तोंडी गेलो तर मुकाट खाली यायचे. बुद्धिबळात सारे ठरवता येते, पण प्यादे मेले म्हणून तेथे कोणी हळहळत नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात फासाही आहे, निवडही आहे आणि शिवाय कथा आहे. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एक पात्र होतो : कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चक्क धर्मगुरू! एक जण सूत्रधार. तो म्हणतो, "पुढे अंधारी गुहा आहे, आतून कुजबुज येते आहे, काय करता?" उत्तर खेळाडूंनी द्यायचे, यशाची खात्री नसेल तेथे निवाडा फाशाचा. १९८० च्या दशकात तेथील काही ख्रिस्ती मंडळींनी हा खेळ सैतानी ठरविला होता. आम्हांस मात्र त्यात एक जुनाच नैतिक प्रश्न दिसतो.

अशा खेळातील साहस मनाला समाधान देते ते कशामुळे? विजयामुळे म्हणावे, तर हरलेल्या डावाच्या आठवणीही माणसे वर्षानुवर्षे काढतात. सुरेख कथेमुळे म्हणावे, तर १९८४ पासून निघालेल्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेकडे पाहावे. कथा मोठी, रेखीव. पण पुढील भागांत लागणारी पात्रे मध्येच मरून कशी चालतील? म्हणून सूत्रधाराला सुचविलेले असे, की त्यांचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, म्हणजे पुढे त्यांना परत आणता येईल. कथा वाचली खरी. परंतु ज्याला मरणच नाही त्याचे शौर्य ते कसले? मुलाचे गणित आईनेच सोडविले तर उत्तर बरोबर येते, आणि मूल मात्र वहीकडे परक्यासारखे पाहते.

याउलट नुसती मोकळीक दिली म्हणजेही भागत नाही. समोर दोन अगदी सारखे दरवाजे, एकामागे सोने, दुसऱ्यामागे मृत्यू, आणि खूण कशाचीच नाही. याला निवड म्हणत नाहीत, सोडत म्हणतात. संत थॉमस अक्वायनस मानवी कृती म्हणतो ती विचारपूर्वक इच्छेतून निघालेली कृती. सूत्रधाराने कुजबुज ऐकू येऊ दिली पाहिजे, ती याचसाठी.

गायगॅक्सचे १९७९ मधील 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे साहस आम्हांला या दृष्टीने सरस वाटते. एक सीमेवरचा गड, आणि जवळच्या दरीत निरनिराळ्या राक्षसी टोळ्यांच्या गुहा. कोणत्या गुहेत प्रथम शिरावे, हे कोणी सांगत नाही. टोळ्यांचे आपसांत पटत नाही. त्यांना एकमेकींविरुद्ध उठवता येते. गॉब्लिन संकटात सापडले, की शेजारच्या धिप्पाड ऑगरकडे २५० मोहरांची थैली फेकून त्याला मदतीला बोलावतात. पण ऑगर भाडोत्रीच, खेळाडूंनी अधिक दिले तर तो त्यांचा. येथे सूत्रधाराजवळ शेवट नाही, केवळ एक जिती-जागती दरी आहे. आपला आवडता प्रसंग खेळाडूंनी टाळला, तर तो त्याने निमूटपणे मिटवून ठेवायचा. हे वाटते तितके सोपे नव्हे.

याच गुहांत राक्षसांच्या बायका-मुलांच्याही खोल्या आहेत. ती लढत नाहीत. पुस्तकात त्यांची संख्या दिली आहे. विजेत्यांनी त्यांचे काय करावे, हे दिलेले नाही. सोडली, तर ती शेजारच्या टोळीला खबर देतील. मारली, तर गडावर परतल्यावर काय सांगायचे? आणि बरोबर घेतली, तर त्यांच्या तोंडी घास कोणी घालायचा? योद्धा एक म्हणतो, धर्मगुरू दुसरे. फासा मध्ये तसाच पडून राहतो, आणि सूत्रधार, उत्तर त्याच्याजवळ असले तरी, बोलत नाही.