दाबाचा प्रश्न

घरी गाडी धुवायला प्रेशर वॉशर घ्यायला गेलो, तर दुकानदाराने विचारले, "किती बारचा देऊ?" मी दचकलो. मग कळले, बार हे दाबाचे माप! गाडीच्या चाकात हवा असते 2 बारच्या आसपास. हे यंत्र पाणी फेकते 120 बारने.

"आणि पाणी?"

"मिनिटाला 6 लिटर. नळीपेक्षा निम्मंसुद्धा नाही!"

मी खूश. गाडीही स्वच्छ आणि मनही.

सौ. बरोबर होती. म्हणाली, "अहो, पण आपण नळी लावतो कधी? आपली गाडी एका बादलीत होते."

झाली पंचाईत! 15 लिटरची बादली म्हणजे यंत्राची अडीच मिनिटे. हाती बंदूक आल्यावर अडीच मिनिटांत थांबणारा पुरुष मी तरी पाहिलेला नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, तेही नेमके तेव्हाच आठवले. काटकसर काही यंत्रात नसते, चापावरच्या बोटात असते. आणि माझे बोट मला चांगलेच ठाऊक आहे.

रिकाम्या हातांनी परतलो. आता रविवारी बादली, फडके आणि मी. दाब घरचाच, तो किती बारचा, हे विचारायची माझी छाती नाही.